बाबांची दारू कोणी सोडवली

फिलिपाईन्समधल्या त्या प्रशिक्षण शाळेत सकाळची सुरुवात स्वयंपाकघरात होई. ख्रिस्ती सेवेचं प्रशिक्षण घ्यायला निरनिराळ्या देशांतून आलेले आम्ही आळीपाळीने भांडी घासत असू. न्याहारीला भात आणि तळलेली सुकी मासळी. भाताचं मला काही नवल नव्हतं. मी मध्य प्रदेशातल्या बालाघाटची, धानाच्या मुलखातली. मासळीचा वास मात्र साबणाने हात धुतले तरी दुपारच्या तासापर्यंत बोटांना राही. इंग्रजीत शिकायचं, हिंदीत प्रार्थना करायची आणि फोनवर घरच्यांशी आमच्या बोलीत बोलायचं, असा पाच महिन्यांचा क्रम होता.

त्याआधी मी बालाघाटात एका हिंदी दैनिकाची बातमीदार होते. नगरपालिका, कोर्ट, धानखरेदी, असे माझे विषय. कामाची सुट्टी बिनपगारी होती, पण मिळाली.

या शाळेत प्रत्येकाला एक साक्ष तयार करावी लागते. आपण देवाकडे कसे आलो याचा स्वतःच्या तोंडचा वृत्तांत म्हणजे साक्ष. तिचा साचा ठरलेला आहे: आधी काय होतं, मग काय घडलं, आता काय आहे. समारोपाच्या दिवशी काही जणांच्या साक्षी होतात, आणि ज्याच्या त्याच्या गावची मंडळी त्या फोनवरून थेट बघतात.

साचा मला अवघड वाटला नाही. बातमीलाही साचा असतो. अडलं ते पहिल्या भागात: सुटका व्हावी असं माझ्या 'आधी'त काही नव्हतं. मी नाताळची बातमी करायला आमच्या गावच्या चर्चमध्ये गेले होते. बातमी छापून आली. पुढच्या रविवारी बातमी नसताना गेले. कारण विचाराल तर एवढंच, की तिथे बसले असताना कोण काय म्हणालं ते टिपून घ्यावंसं वाटलं नाही. एरवी कुठेही बसले तरी वाटायचं. घर आमचं हिंदू, मूळ विदर्भातलं, शेतकरी. आई म्हणाली होती, "जा, पण संध्याकाळचा दिवा चुकला नाई पाह्यजे." मी दिवा लावत राहिले आणि रविवारी चर्चलाही जात राहिले. बाबा काहीच म्हणाले नव्हते.

आमची गटप्रमुख ब्राझीलची होती, माझ्याहून वयाने लहान, बोलायला मायाळू. माझी साक्ष तिने वाचली आणि म्हणाली, "हे फार कोरडं आहे. तुझ्या घरात काय बदललं?"

मी म्हटलं, "बाबा आता पीत नाहीत."

तिने कागद खाली ठेवला. "हे तू आधी का नाही सांगितलंस?"

बाबा आमच्याच जिल्ह्यातल्या तिरोडीच्या मँगनीज खाणीत नोकरीला होते. निवृत्त झाल्यावर आम्ही बालाघाटला राहायला आलो. खाणीच्या वस्तीत असल्यापासून ते संध्याकाळी मोहाची दारू प्यायला जात, आणि बालाघाटलाही त्यांनी तशी जागा शोधली. घरात मारहाण नव्हती, शिवीगाळ नव्हती. दिवे लागल्यावर ते घरात असून नसल्यासारखे असत. विचारलेल्या गोष्टीला हुंकार देत आणि सकाळी ती गोष्ट त्यांना आठवत नसे. मग एका वर्षी ते जायचे थांबले. घरात त्याबद्दल कोणी कोणाशी बोललं नाही. बोललं तर मोडेल, असं आईला वाटत असावं.

एवढं मी गटप्रमुखाला सांगितलं. तिने त्यातून जे लिहिलं, ते मी सरावाच्या तासाला वाचून दाखवलं. त्यात एक वाक्य होतं: मी प्रार्थना करू लागले आणि माझ्या वडिलांनी हातातला पेला खाली ठेवला. वाक्य चांगलं होतं. ते वाचल्यावर खोलीत दोघींनी डोळे पुसले, आणि माझाही आवाज थोडा बदलला हे माझ्या लक्षात आलं.

बसल्यावर क्रम तपासला. बाबांची दारू सुटली तेव्हा मी नगरपालिकेच्या सभांच्या बातम्या करत होते. चर्चची पायरी चढले ती त्यानंतर दोनेक वर्षांनी. गटप्रमुखाने हे विचारलं नव्हतं. मी दिलेल्या दोन गोष्टींचा क्रम तिने आपल्या मनाने लावला होता. जेवणानंतर मी तिला तसं सांगितलं.

ती गडबडली नाही. म्हणाली, "देवाला आपल्यासारखं आधी आणि नंतर नसतं. तू पुढे जी प्रार्थना करणार होतीस, ती त्याने तेव्हाच ऐकली असेल."

श्रद्धेच्या बाजूने ते बरोबरही असेल. पण ज्या कामात मी वाढले, तिथे नंतर घडलेली गोष्ट आधीच्या गोष्टीचं कारण म्हणून छापता येत नाही. ती म्हणाली, विचार कर.

माझ्या खोलीत केनियाची एक शिक्षिका राहत होती. तिला मी हे सांगितलं तेव्हा ती पलंगावर पालथी पडून हसली. "आमच्याकडे प्रत्येक साक्षीत एक दारुडा असतोच," ती म्हणाली. "नसला तर शेजारचा उसना घेतात. तुझा निदान घरचा आहे."

त्याच आठवड्यात बाबांचा फोन आला. एरवी फोन आई लावते आणि बाबा शेवटी दोन शब्द बोलतात. या वेळी त्यांनी स्वतः लावला होता.

"काय व, तू तिथं माह्या दारूचं सांगून राह्यली का?"

"कोण म्हणते?"

"तुमच्या चर्चातला तो कपड्याच्या दुकानवाला. भाजीबाजारात भेटला. मले म्हणते, 'बधाई हो भाईसाहब, बिटिया की प्रार्थना से आपकी छूट गई।' चार लोकं उभे होते बाजूले. मी म्हटलं, हौ का? मलेच माहीत नाई!"

काय झालं होतं ते उघड होतं. शाळेने प्रत्येक विद्यार्थ्याचा थोडक्यात परिचय त्याच्या गावच्या चर्चकडे पाठवला होता. माझ्या परिचयात ते वाक्य गेलं होतं, आणि आमच्या पास्टरांनी ते रविवारी वाचून दाखवलं होतं.

बाबा इथवर हसत बोलत होते. पुढचं वाक्य हसून नव्हतं.

"माही दारू मी सोडली, पोरी. नोकरी बापानं लावून देली, लगन मामानं जुळवलं, घर तुह्या मायनं पसंत केलं. तेवढी एक गोष्ट मी माह्या मनानं केली. ते तरी माह्या नावावर राहू दे."

मी म्हटलं, "मंग काहून सोडली? तुम्ही कधी सांगतलंच नाई."

"तू कधी विचारलं? साऱ्या बालाघाटाले विचारत फिरे."

"आता विचारून राह्यली."

"दाढ दुखे. काढली. डॉक्टर म्हणे, जखम भरेपर्यंत घेऊ नका. जखम भरली. मंग गेलोच नाई."

इथे आईने फोन ओढून घेतला. "काई दाढबीढ नाई! मी सोळा सोमवार धरलते. सोळावा सोमवार झाला अन् यायची दाढ ठणकली. दाढ कोणं दुखवली मंग?"

मागून बाबांचा आवाज आला, "घ्या! आता दाढबी देवानंच दुखवली! पेत होतो तवा कोणी वारस नवता. सोडली तं हे एवढे वारसदार."

"अजी, हळू बोला, लेकरू परदेशात आहे."

"परदेशात असन तं काय कमी ऐकू येते तिले?"

फोन परत बाबांकडे गेला. ते म्हणाले, "तुमचा पास्टर बलावून राह्यला आमाले. तुह्या कार्यक्रमाले, चर्चात. तिथं टीव्हीवर दाखवणार म्हणे. जाऊ का नोको?"

बाबांनी चर्चमध्ये कधी पाय ठेवला नव्हता. मी म्हटलं, "तुमची मर्जी."

"माह्या मर्जीचं सोड. तू काय सांगशील ते सांग आधी."

"जसं झालं तसं सांगीन."

मग म्हणाले, "मंग येतो."

गटप्रमुखाने मला एक सोपा मार्ग सुचवला: वडिलांचा भागच गाळून टाक. तो मार्ग बरा होता आणि कोणाला दुखावणारा नव्हता. पण बालाघाटात गोष्ट आधीच पोचली होती. एकदा छापलेली चूक दुसऱ्या दिवशी त्या विषयावर गप्प राहिल्याने दुरुस्त होत नाही. लोक पहिलंच लक्षात ठेवतात. भाजीबाजारात बाबांना पुन्हा कोणी बधाई दिली असती, आणि माझ्या गप्प राहण्याने ती पक्की झाली असती. मी साक्ष पुन्हा लिहिली.

गटप्रमुखाने ती दोनदा वाचली. "यात देव कुठे आहे?" तिने विचारलं. तिच्या स्वरात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "मी तिथे नव्हते एवढंच मी म्हणते आहे. तो नव्हता असं म्हणत नाही."

तिने कागद माझ्याकडे परत सरकवला. शेवटी म्हणाली, "बोल. पण बोलताना जरा हस. तू पोलिसांसमोर जबाब देतेस तशी वाचतेस."

समारोप तिथल्या संध्याकाळी होता; बालाघाटात तेव्हा दुपार होती. माझ्यासमोर तिपाईवर एक फोन लावला होता आणि त्याच्या छोट्या पडद्यावर आमचं चर्च दिसत होतं: पत्र्याचं छत, प्लास्टिकच्या खुर्च्या, पंख्याखाली बायका. आई दुसऱ्या रांगेत होती, लग्नाला जाते त्या लुगड्यात. बाबा शेवटच्या रांगेत दाराजवळच्या खुर्चीवर होते. शेजारी मंडळीतला एक माणूस बसला होता. पास्टर माझं इंग्रजी हिंदीत सांगायला उभे होते. तिकडचा आवाज मला येत नव्हता.

मी नाताळच्या बातमीपासून सुरुवात केली. मग म्हणाले, "माझे वडील पूर्वी दारू पीत. आता पीत नाहीत. त्यांची दारू माझ्या प्रार्थनेने सुटली असं काही जणांना सांगितलं गेलं आहे. ते तसं नाही. मी तेव्हा प्रार्थना करत नव्हते. त्यांनी ती स्वतः सोडली. आम्ही एका घरात राहत होतो, आणि का सोडली हे मी त्यांना कधी विचारलं नाही."

पडद्यावर पास्टर थांबलेले दिसले. त्यांनी लगेच भाषांतर केलं नाही. ते शेवटच्या रांगेकडे बघून काहीतरी विचारत होते. सगळ्यांच्या माना मागे वळल्या. बाबांनी मान हलवली. मग पास्टर माइकवर बोलू लागले. मंडळीत काय सांगितलं जातं याची पास्टरांनी आधी खात्री करून घेतली, एवढं मला दिसलं. पाच महिन्यांत पाहिलेल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा ते मला जवळचं वाटलं.

आमच्या सभागृहात टाळ्या जरा उशिरा पडल्या. पुढची साक्ष एका मुलीची होती, ती ऐकताना बरेच जण रडले.

महिन्याअखेर मी बालाघाटला परतले. घरी पोचले त्या संध्याकाळी फाटकाबाहेर एक ऑटो उभी होती आणि ओसरीवर बाबांच्या समोर एक माणूस बसला होता. चर्चमध्ये त्यांच्या शेजारी बसलेला तोच. मी त्याला ओळखत होते. दारू सोडल्याचं त्याने मंडळीपुढे उभं राहून दोन वेळा सांगितलेलं होतं, आणि दोन्ही वेळा ती पुन्हा सुरू झाली होती. आई म्हणाली, कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशीपासून येतो. रोज नाही, अधूनमधून.

मी आत सामान लावत होते. त्यांचं बोलणं खिडकीतून ऐकू येत होतं.

"काकाजी, वहाँ सब पूछते हैं, प्रार्थना कर रहे हो ना? कर रहा हूँ। फिर भी शाम को पैर उधर ही जाते हैं। किसको बोलूँ?"

बाबा त्याच्याशी आपल्या नेहमीच्या मराठी-हिंदी खिचडीत बोलत होते. "मलेबी काही येत नाई गा. मी सांगू तं काय सांगू? संध्याकाळ झाली का आंगणात पानी मारतो. मंग चाय. मंग बातम्या."

"बस?"

"बस. मेरे पास कोई मंतर थोडी है."

"पर आपने तो बिना किसी के छोड़ दी। दीदी ने खुद बोला।"

"हौ, बोलली. पण कशी सोडली ते मलेच समजत नाई तं तिले काय समजन. तू बस. चाय पी."

"आज बैठ जाऊँगा। कल का नहीं बोल सकता।"

"कल का किसने पूछा तेरेको?"

आईने आतून चहा नेऊन दिला. तो दिवे लागेपर्यंत बसला आणि ऑटो घेऊन गेला. कोणत्या बाजूला वळला ते घरातून दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. आईने त्याच्यासाठीही चहा केला होता. बाबा अंगणात पाणी मारून खुर्चीवर बसले होते. मी विचारलं, "आज नाई आला?"

"नाई."

"तिकडंच गेला असन."

"गेला असन तं गेला असन." त्यांनी आपला चहा संपवला, मग त्याचाही कप उचलला. "थंडा होऊन जाईन," असं म्हणून तोही प्यायले, आणि फाटकाची कडी न लावताच बातम्या ऐकायला आत गेले.