निळा कोट
मेणाच्या खडूंचा वास आला की गाझियाबादच्या आमच्या सोसायटीतला हॉल आठवतो. जयंती जवळ आली होती, म्हणून रविवारच्या चित्रकलेच्या वर्गात मी मुलांना संविधानाच्या शिल्पकारांचं चित्र शिकवत होते. गोल चष्मा सगळ्यांना जमला होता, कोटात निळा रंग भरणं चाललं होतं. तेवढ्यात शेजारीण आली. कागद पाहताच तिने आपल्या मुलीला दंडाला धरून उठवलं. “हमारे घर में इनकी फोटो नहीं लगती, मॅडम,” म्हणाली आणि निघून गेली. माझी दुसरीतली लेक हळूच म्हणाली, “आई, आपल्या घरी तर आहे. आता माझ्याशी कुणी नाही खेळणार?” “खेळतील गं,” मी म्हटलं. पुढच्या रविवारी वर्गाला माझ्या लेकीशिवाय कुणीच आलं नाही. आता ती कॉलेजात आहे. विचारलं तर म्हणते, “मला नाही आठवत.” मी पुन्हा विचारत नाही.