धर्मशाळेत राजा उतरला नव्हता

प्रा. त्रिंबकराव कुंभेजकरांना मी प्रथम पाहिले ते कर्जतच्या आठवडी बाजारात. माझ्या भाषणाच्या सभेपूर्वी सहज हिंडत होतो. कोट-टोपीतले एक गृहस्थ दोरवाल्यासमोर उकिडवे बसून विचारत होते, "तुमचे आजोबा माल कोणत्या वाटेनं न्यायचे?" त्यांच्या खांद्यावर नवाकोरा कासरा होता.

"मास्तर, कासरा घेतला, पर बैल कुठंय?" दोरवाला हसला.

"बैल नाही हो. पण बाजाराच्या दिवशी तुमचा वेळ फुकट कसा घेऊ?"

ही सरांची रीतच. काही विकत घेतल्याशिवाय विक्रेत्याला प्रश्न विचारायचा नाही. नगरच्या त्यांच्या घरी घुंगरमाळा, सुपे, घोंगड्या यांचा ढीग आहे. वहिनी म्हणतात, "दुकान थाटायला आता फक्त पाटी हवी!"

इतिहास म्हणजे सिंहासनांची यादी, असे मानणाऱ्यांना सरांनी आयुष्यभर उत्तर दिले. जिल्ह्यातल्या पेठा कशा वसल्या, व्यापारी कुठे थांबले, यात्रेकरूंना भाकरी कोणी घातली, हे त्यांनी पायी फिरून शोधले. 'पर्यटन' हा शब्द कचेऱ्यांत रुळण्याआधीच ते वाटसरूंचा इतिहास लिहीत होते.

पण त्यांची खरी उंची मला दुष्काळात, पुणतांब्याला कळली. गोदावरीच्या घाटाची आणि तिथल्या जुन्या धर्मशाळेची दुरुस्ती करण्याइतके त्यांना ऐतिहासिक महत्त्व आहे का, हे पाहायला एक अधिकारी आले होते. काम निघाले, तर खडी फोडायला लांब जाणाऱ्या बायकांना गावातच मजुरी मिळणार होती. सारे गाव घाटावर लोटले होते.

"साहेब, हितं राजा मुक्कामाला हुता," सरपंच म्हणाले. "इचारा आमच्या सरांना."

मी सरांच्या कानाशी लागलो, "नुसती मान हलवा. गावाच्या चुली पेटतील."

सर शांतपणे म्हणाले, "राजा इथे उतरल्याचा पुरावा मला मिळालेला नाही."

"वाटुळं क्येलं मास्तरांनी!" गर्दीतून एक बाई ओरडल्या. अधिकारी जीपकडे वळले.

"थांबा साहेब," सर म्हणाले. "कोण उतरले होते, ते ऐकून जा." काजळलेल्या भिंतीवर हात ठेवून ते बोलू लागले. घोंगड्या विकणारे, बांगड्या विकणारे कासार, नाशिककडे निघालेले यात्रेकरू. त्यांच्या चुलींची ही काजळी. "त्यांना रांधून कोण घालायचे, ठाऊक आहे कुणाला?"

मघाशी ओरडलेल्या बाईच पुढे आल्या. "माझी आजेसासू. हितंच भाकरी थापायची."

मग सारा घाट बोलू लागला. कुणाचा आजा होडी चालवायचा, कुणाचा पाणी भरायचा. अधिकारी पायरीवर बसून ऐकत राहिले. सर एवढेच म्हणाले, "परक्यांना आसरा देणाऱ्यांची ही नातवंडे आहेत साहेब. आज त्यांनाच काम हवे आहे."

घाटाचे काम मंजूर झाले. धर्मशाळेचे अजून नाही. सर त्यासाठी अर्ज करतच आहेत. मी शब्दांनी सभा पेटवणारा माणूस. पण निखळ सत्याने भुकेली सभा अशी उभी राहिलेली मी दुसऱ्यांदा पाहिली नाही. त्या दिवशी मी मनोमन त्यांच्या पाया पडलो.

आज सरांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांचे पाय असेच चालत राहोत, त्यांना उदंड निरोगी आयुष्य लाभो. आणि उपाशी माणसांसमोरही 'पुरावा नाही' म्हणण्याचे, तरी त्यांची बाजू न सोडण्याचे त्यांचे धैर्य आम्हा बोलणाऱ्यांना थोडे तरी मिळो.