उचललेली टाकी

आमचा शेजारी गिरणीत फिटर होता. मोटारसायकल दारात लावल्यावर तो कधी मागे वळून बघायचा नाही. बघायचो मी. एकदा त्यानं पेट्रोलच्या टाकीखाली रबराचे दोन ठोकळे घालून टाकी पुढून उचलली, आणि गाडी छाती काढून उभी राहिल्यासारखी दिसायला लागली. “कशी ऐटीत दिसती की,” माझी बायको म्हणाली. तसलीच गाडी माझीही होती.

शेवटी न राहवून मी त्याला विचारलं. “त्यात काय, तुमची बी उचलू की,” म्हणाला, आणि रविवारी शीळ घालत त्यानं माझी टाकी उचलून दिली.

सोमवारी बघतो तर त्याची टाकी खाली. स्वतःचेच ठोकळे काढून त्यानं माझ्या गाडीला घातले होते. बायको खिडकीत उभी होती. त्याच्या गाडीकडे बघत म्हणाली, “आता किती साधी, छान दिसती, न्हाय?”