डाव्या हाताला काय आहे?

बाजाराच्या तोंडाशी, दोन दुकानांच्या बेचक्यात, चार फूट रुंदीच्या जागेत ती बसायची. समोर लाकडी बाक, बाकाला जखडलेला, किल्ली घट्ट धरायचा लोखंडी शेगडा, कानशींचा डबा, आणि मागच्या भिंतीवर खिळ्याखिळ्याला लटकवलेल्या कोऱ्या किल्ल्या. सगळे तिला किल्लीवाली ताई म्हणत. वय बावन्न. बोटांची टोकं काळी, आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. नवरा शाळेची बस चालवायचा. चाळीस पोरांचा कल्ला तो हसत हसत सोसायचा, पण घरी आल्यावर ताईच्या कपाळावर आठी दिसली की मुकाट्याने भांडी घासायला घ्यायचा.

धंदा वडिलांचा होता आणि धंद्याबरोबर त्यांनी एक शिस्तही दिली होती. किल्ली हरवली म्हणून कोणी बोलावलं, तर कुलपाला हात लावण्याआधी विचारायचं, "आत शिरल्यावर डाव्या हाताला काय आहे?" ज्याचं घर असतं तो झोपेतसुद्धा सांगतो. चपलांची फळी, गळका नळ, कधीच न लागणारा रेडिओ. ज्याचं नसतं तो आधी खाकरतो. दार उघडल्यावर डावीकडे खरंच तेच आहे ना ते बघायचं, आणि उंबरठ्याच्या बाहेरच उभं राहायचं. तीस वर्षांत ही शिस्त तिने एकदाच मोडली, आणि त्या एका वेळेने तिचं डोकं जे फिरलं ते फिरलंच.

झालं असं की नगरपरिषदेने नियम सतरा केला. शहरातल्या कोणत्याही घरात विनापरवाना काही चालतंय असा संशय आला, तर तपासणी पथक आत जाऊ शकतं. घर बंद असेल तर परवानाधारक किल्लीवाल्याने कुलूप उघडून द्यायचं. कोर्टाचा कागद नको, घरमालकाची परवानगी नको. एखाद्या सदस्याने अर्ज दिला की झालं. किल्लीवाल्याने नकार दिला तर त्याचा परवाना रद्द. नियम आला तेव्हा ताईने तो वाचलाही नव्हता. असले कागद दर महिन्याला येतात, कोण वाचतो?

मग एका दुपारी पथकाचा साहेब धापा टाकत बाकापाशी आला. "ताई, लवकर चला, बंद घरात गॅस सुटलाय." ताई धावली. घाईत तो प्रश्न विचारायचा राहिला. दोन मिनिटांत कुलूप उघडलं. आत गॅसबिस काही नव्हता. घर चपला शिवणाऱ्या एका म्हाताऱ्याचं, बायको जाऊन वर्ष झालेलं. तो मागच्या खोलीत चपला शिवतो, त्याचा परवाना नाही, एवढाच गुन्हा. पथकाने कपाटं उघडली, ट्रंका उपसल्या, बायकोच्या साड्यांच्या घड्या विस्कटून पलंगावर फेकल्या. तेवढ्यात म्हातारा दूध घेऊन परत आला. त्याने साहेबाकडे बघितलंच नाही. दारात हातात कुलूप उघडायचा आकडा धरून उभ्या असलेल्या ताईकडे बघितलं आणि एवढंच म्हणाला, "ताई, तुम्ही?"

त्यापेक्षा त्याने दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ताई घरी आली ती तळपायाची आग मस्तकात घेऊनच. साहेबाचा राग, नियमाचा राग, न वाचता बाजूला सारलेल्या कागदाचा राग, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. तिने त्या दिवशीच ठरवलं, यापुढे घरवाल्याशिवाय एकही कुलूप उघडायचं नाही. पण पुढचा हुकूम आला की नकार द्यावा लागणार, आणि नकार दिला की वडिलांची जागा, शेगडा, भिंतीवरच्या किल्ल्या सगळंच जाणार. तेव्हा एक तर हा नियम जायला हवा होता, नाही तर ती.

"सात सदस्य आहेत," नवरा म्हणाला. "तिघांना हा नियम नकोच आहे असं ऐकलं. चौथा मिळाला की संपलं. निवडणूक येतेच आहे."

"मग चौथा शोधू," ताई म्हणाली.

ताईची धाकटी जाऊ केस कापण्याचं दुकान चालवायची. अख्ख्या प्रभागाची डोकी तिच्या हाताखालून जात, त्यामुळे कोणाच्या डोक्यात काय आहे हे तिला चांगलं ठाऊक. दुकान बंद असायचं त्या दिवशी तिथे बैठका सुरू झाल्या. कोणी फिरत्या खुर्चीवर, कोणी केस वाळवायच्या टोपाखाली, कोणी टॉवेलांच्या गठ्ठ्यावर. गटाला उंबरठा मंडळ नाव पडलं. अध्यक्ष कोणी नाही, कोणी कोणाला हुकूम सोडायचा नाही, एवढं एकमताने ठरलं. परिणाम असा झाला की पहिल्या आठवड्यात सगळेच्या सगळे सावलीच्या गल्लीत प्रचाराला गेले आणि उन्हाच्या चढावर कोणीच फिरकलं नाही. सावलीच्या गल्लीतली एक आजी जाम वैतागली. म्हणाली, "सकाळपासून तुमचे सहा जण येऊन गेले. आता सातव्याला मी मत नाही, पाटा फेकून मारणार."

मग ताईनेच चढ उचलला. दारोदार गेली. कोणी आत बोलावलं तरी उंबरठा ओलांडला नाही, बाहेरूनच बोलली. तिला नावं लक्षात राहत नसत, कुलपं राहत. तिच्या कार्डांवर असं लिहिलेलं असायचं: "हिरवं दार, किल्ली उलटी फिरते. काकू पक्क्या आपल्या, काका कुंपणावर." "तळमजला, पितळी कुलूप, तेल घालायला हवं. घरात तिघं, एकही बोलत नाही, पुन्हा जायचं." पुन्हा गेली तेव्हा तेलाची बाटली घेऊन गेली, आणि तिघंही बोलले.

पण मतं द्यायची कोणाला? उमेदवार चार. मंडळाने प्रत्येकाला एकच प्रश्न लेखी विचारायचं ठरवलं. प्रश्न ताईने सांगितला, जावेने वळणदार अक्षरात उतरवला: "तुमच्या घरात कोर्टाच्या कागदाशिवाय पथक शिरलं तर चालेल का?" खाली सही. दोघांनी उत्तरच दिलं नाही. एकाने पानभर लिहिलं, त्यात हो नव्हतं आणि नाहीही नव्हतं. चौथा होता छापखानेवाला. त्याने लाल शाईत लिहिलं, "मरेपर्यंत नाही," आणि सही अशी ठोकली की कागदाला भोक पडलं.

शिवाय या माणसाने पूर्वी एकदा नगरपरिषदेला खरोखर नाही म्हटलं होतं. एका गिऱ्हाइकाने कार्यालयाविरुद्ध पत्रकं छापून घेतली, त्याचं नाव साहेबांनी मागितलं, तर छापखानेवाल्याने दार लावून घेतलं होतं. ताईला आणखी काय हवं होतं? पुढचे दोन महिने तिने टपरी अर्धा दिवस बंद ठेवली. चप्पल झिजली, आवाज बसला. चढावरची एकशे चाळीस घरं तिने एकटीने तीन तीनदा केली. चपला शिवणारा म्हातारा तिच्याकडे बघायचा नाही. त्याच्या दाराबाहेर ती तिसऱ्यांदा उभी राहिली तेव्हा तो मान खाली घालूनच म्हणाला, "तुम्ही सांगताय म्हणून देतो मत." ते ऐकून ताई चढावरून रडत उतरली.

एका दाराने मात्र तिला शेवटपर्यंत दाद दिली नाही. तिथे एक निवृत्त परिचारिका राहायची, साठी उलटलेली, जिभेला हाड नसलेली. "तो छापखानेवाला?" ती सगळ्यांसमोर ओरडली. "पहिल्या नंबरचा खुनशी माणूस आहे. तुला अक्कल नाही हे तोंडावर सांगते." एवढ्यावर थांबली नाही. पुठ्ठ्यावर हाताने लिहून तेच तिने खिडकीत लावलं. ताईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. कार्डावर तिने लिहिलं: "दुहेरी लॅच. बाई आगाऊ. पुन्हा जायचं नाही."

छापखानेवाला एकतीस मतांनी निवडून आला. जावेने दुकानात सगळ्यांचे केस फुकट कापले, नवऱ्याने बसचा भोंगा वाजवत चढाला फेरी मारली. ताईने म्हाताऱ्याकडे जाऊन सांगितलं, "काका, आता नियम जातो."

पहिल्या सभेत विषय निघाला नाही. दुसऱ्या सभेत पुढे ढकलला. ताई छापखान्यात गेली, तर सदस्य महाशय यंत्राच्या खडखडाटात ओरडून म्हणाले, "ताई, दम धरा. घाईने कामं बिघडतात." तिसऱ्या सभेनंतर एके सकाळी टपरीवर कागद आला: नियम सतरा, सदस्याच्या अर्जावरून, घर उघडून देणे. पत्ता परिचारिकेचा. अर्जाखाली लाल शाईतली सही, आणि कागदाला भोक.

ताई हत्यारांची पेटी घेऊन चढावर गेली. दारापाशी साहेब होता, पथकाची दोन माणसं होती आणि इस्त्रीच्या शर्टात छापखानेवाला होता. बाई घरी नव्हती. खिडकीत नवा पुठ्ठा होता: "मी सांगत नव्हते?"

"ही बाई घरात विनापरवाना लोकांना मलमपट्टी करते," छापखानेवाला म्हणाला. "इंजेक्शनं देते. लोकांच्या जिवाशी खेळ आहे हा. उघडा, ताई."

"नियम रद्द करणार होतात ना तुम्ही?"

"करणारच आहे! शब्द म्हणजे शब्द. एवढं एक प्रकरण होऊ द्या, मग लगेच करू."

"तुम्ही लिहून दिलंत. मरेपर्यंत नाही म्हणालात."

"ते माझ्या घराबद्दल," तो म्हणाला, आणि त्यात काही वावगं आहे असं त्याच्या तोंडावर दिसलंही नाही. "तुम्ही तेच तर विचारलं होतंत."

ताईच्या डोक्यात तिडीक गेली. तो खोटं बोलत नव्हता. तेच विचारलं होतं. चौघांपैकी कोणालाही कोणी विचारलं नव्हतं की दुसऱ्याच्या घरात शिरलं तर चालेल का, ज्याचं तोंड बघवत नाही अशाच्या घरात. स्वतःचं दार कोणाला प्यारं नसतं? साहेबालाही असेल. तीस वर्षं माणूस पारखून दार उघडणाऱ्या बाईने इथे चुकीचा प्रश्न विचारला होता, आणि एकशे चाळीस घरांना त्याच्या नावाने मत द्यायला लावलं होतं.

तिने पेटी खाली ठेवली. आकडा हातात घेतला. साहेब समाधानाने बाजूला सरकला.

"सदस्य," ताई म्हणाली, "आत शिरल्यावर डाव्या हाताला काय आहे?"

"काय?"

"डाव्या हाताला. घरात. काय आहे?"

छापखानेवाला खाकरला. "मला कसं ठाऊक असणार?"

"मग हे घर तुमचं नाही. ज्याचं नाही त्याला मी उघडून देत नाही."

"परवाना जाईल," साहेब म्हणाला.

"घाला चुलीत!" ताई इतक्या जोरात ओरडली की समोरच्या तीन खिडक्या उघडल्या. "तुमचा परवाना घाला चुलीत! एका म्हाताऱ्याच्या घरात मला फसवून नेलंत, तेव्हाच तुमच्या तोंडावर फेकायला हवा होता. आणि तुम्ही! माझ्या चपला झिजल्या तुमच्यासाठी. केसाने गळा कापलात तुम्ही माझा. जा, दुसरा किल्लीवाला शोधा. शहरात दोघं आहेत, दोघांनाही मी आत्ता जाऊन हेच सांगते."

साहेबाने तिथेच पायरीवर बसून कागद भरला. परवाना रद्द, आजपासून. ताईने तो घेतला, घडी घालून पेटीत टाकला. पथक निघून गेलं. छापखानेवाला शर्टाच्या बाह्या सारख्या करत त्यांच्या मागून गेला, कोणाच्याच खिडकीकडे न बघता.

ताई अजून तिथेच होती तेव्हा परिचारिका पिशवी घेऊन चढ चढून आली. दाराशी ताई, ताईच्या हातात आकडा. ती थबकली.

"तू?"

पुन्हा दुसऱ्याचं दार, तोच आकडा, तोच प्रश्न. "उघडलं नाही, बाई," ताई घाईने म्हणाली. "हात लावलेला नाही. बघा."

बाईने दोन्ही लॅच निरखून पाहिले. समोरच्या खिडकीतल्या शेजारणीने वरून सगळी हकीकत ओरडून सांगितली, परवान्यासकट. बाईने ती पूर्ण ऐकली. मग म्हणाली, "त्या हलकटाला निवडून कोणी दिलं?"

"मी."

"हं," बाई म्हणाली, आणि पिशवीत किल्ली शोधू लागली.

ताई पायरीवर बसली. टपरी गेली होती. वडिलांचा शेगडा उद्या घरी आणावा लागणार होता. रडू येईल असं वाटलं, पण आला तो रागच. तिने खिशातून कार्डांचा गठ्ठा काढला, बाईचं कार्ड शोधलं, "पुन्हा जायचं नाही" यावर काट मारली.

"बाई, पुढच्या वेळी तुम्ही उभ्या राहता का?"

"मी? मला तर कोणीही उभं करून घेत नाही."

"ते माझ्याकडे लागलं. पण आधी एक प्रश्न आहे. छापखानेवाल्याच्या घरात कागदाशिवाय पथक घुसवायची वेळ आली, तुमच्या एका सहीवर. घुसवाल?"

बाईने किल्ली कुलपात घातली आणि तशीच उभी राहिली. तिच्या मानेवरची शीर ताठ झाली.

"त्याच्या?" बाई दात ओठ खात म्हणाली. "त्या माणसाच्या?" मग जिभेवर कडू औषध ठेवल्यासारखं तोंड करून, "नाही. नाही घुसवणार. पण मला त्याचा भयंकर राग आहे, हे आत्ताच सांगून ठेवते."

"चालेल," ताई म्हणाली. "मलाही आहे."

तिने कार्डावर उत्तर लिहिलं, खाली सही करायला पेन पुढे केलं, आणि बाईने दार उघडलं तेव्हा ताई बाहेरच थांबली.