रिठ्याच्या बादलीतलं खोबरेल

जटा ठेवल्या की केसांचं काम संपलं, फणी नको, धुणं नको, असं ज्याला वाटतं त्याने एकदा पावसाळ्यात गोव्यात चोपड्याला आमच्या घरी येऊन राहावं. सहा वर्षं मी हे भोगतोय. आठवड्यातून एकदा रिठ्याच्या पाण्याने धुवायच्या, एकेक जट पिळायची, आणि मग पंख्याकडे पाठ करून तीन-चार तास बसून राहायचं. नदीकाठचं गाव. श्रावणात बनियन सुकत नाही तिथे जटा काय कपाळ सुकणार! आत जरा ओल राहिली की भिजल्या गोणपाटासारखा वास. शिवाय मुळाशी वाढलेले सुटे केस महिन्याकाठी क्रोशाच्या बारीक सुईने आत ओढून घट्ट करायचे. आणि खोबरेल? एक थेंब नाही. तेल आत गेलं की घट्ट केलेलं सगळं सुटतं, धूळ चिकटते, आणि आत मुरलेलं तेल कितीही धुतलं तरी निघत नाही.

हे आईला किती वेळा सांगितलं असेल, देवालाच ठाऊक. आई मूळची सावंतवाडीकडची. डोक्याला तेल नसलेला माणूस तिच्या लेखी एकतर आजारी किंवा अनाथ. "डोक्यार सुंभ घेवन फिरतंस, लोक माका विचारतत," हे रोज चहाबरोबर ठरलेलं. मी नळजोडणीची कामं करतो, चार घरी जातो, कुणी काही विचारत नाही. पण आईला कोण सांगणार!

तिचा खरा दिवस म्हणजे नरक चतुर्दशी. पहाटे नरकासुराचा पुतळा जाळून पोरं परतली की न्हाणीच्या दारात पाट मांडायचा, मला बसवायचं आणि वाटीभर कोमट खोबरेल डोक्यावर थापायचं. मी पस्तिशी ओलांडली तरी यात सूट नव्हती. जटा झाल्यावर मी फक्त कपाळाला तेलाचं बोट लावू द्यायचो. तेही ती कुरकुरत लावायची.

तीन वर्षांपूर्वी तिने काय करावं? मी न्हायला रिठ्याचं पाणी बादलीत काढून ठेवलं होतं, त्यात तिने अख्खी वाटी ओतली. वर फेस, पहाटेचा काळोख, मला पत्ताच नाही. मी आपला तांब्यावर तांब्या ओततोय! चार दिवसांनी वास यायला लागला. मग उशीवर मुंग्या. विचारलं तर म्हणते, "लावू नको म्हणालंस. मी खंय लावलंय? पाण्यात घातलंय."

माझं डोकं फिरलं. "परत माझ्या डोक्याला हात लावायचा नाही! कळलं?" असा ओरडलो की शेजारची बाई दारात आली. जिच्या तोंडाचा पट्टा झोपेतसुद्धा थांबत नाही, ती आई नुसती उठून आत गेली. तिथेच मला कळायला हवं होतं.

तिने माझा शब्द पाळला. पुढच्या दिवाळीला वाटी न्हाणीच्या कट्ट्यावर ठेवली, "तुझा तू लाय" म्हणाली आणि पोहे करायला आत गेली. त्याच्या पुढच्या दिवाळीलाही तेच. मधे मला चांगला सणसणून ताप आला. पूर्वी ती आधी कपाळाला हात लावायची आणि मग विचारायची. आता दारातूनच, "ताप आसा काय रे?" मला ते फार लागलं. पण चुकलं म्हणायला माझीही जीभ रेटेना. हट्टीपणात मी तिचाच मुलगा.

मग गेल्या पावसात एका घराच्या टाकीवरून घसरलो आणि उजवं मनगट मोडलं. हाताला प्लास्टर. जटा घट्ट करून देणारा हरमलच्या किनाऱ्यावरचा माणूस पाऊस लागताच गावी गेलेला, तो पर्यटकांचा सीझन सुरू झाल्याशिवाय येत नाही. मुळं सुटायला लागली. डाव्या हाताने सुई चालवायला गेलो तर ती टाळूत घुसली. आई दाराला टेकून बघत होती. घरातली तोरणं, टीव्हीवरचं फडकं, सगळं तिने क्रोशाने विणलेलं. आणि मी आपला डोक्याला भोकं पाडतोय.

शेवटी म्हटलं, "आई, तू करशील?"

"हात लावू नको म्हणून तूच सांगितलंस ना?"

"सांगितलं. चुकलं माझं. खूप चुकलं. आता कर."

तिने माझी सुई बघितली, "ह्या सुयेन कोण काय करतला?" म्हणत बाजूला टाकली आणि स्वतःची आणली. त्या दिवसापासून दर रविवारी दुपारी माझं डोकं तिच्या गुडघ्यांत आणि तिची बडबड माझ्या कानांत. हरमलच्या माणसाचं कामही तिने उद्धारलं. "कोणी केल्यान हा? सगळा उलटा." मान अवघडली म्हणून जरा हललो की टपली. तीन तास! वैताग नुसता. प्लास्टर निघालं तरी सुई काही माझ्या हाती परत आली नाही.

दिवाळीच्या पहाटे तिने पाट मांडला आणि वाटी कट्ट्यावर ठेवली. मी आदल्या दिवशीच ठरवून टाकलं होतं. सुटू देत जटा, येऊ देत मुंग्या. पाटावर बसलो, मान खाली घातली आणि म्हटलं, "आई, तूच घाल. सगळ्या डोक्यावर घाल."

वाट बघत राहिलो. तेल काही पडेना.

"खुळो की काय रे तू?" आई कडाडली. "इतके दिवस खपलंय मी त्यात! तेल घातलंय तर सगळा सुटतला."

मी कपाळाला हात लावला. तिने तो बाजूला सारला, तिथे तेलाचं एक बोट ओढलं, हात पदराला पुसला आणि मग एकेक जट उचलून मुळं चाचपायला लागली. कुठे सैल वाटलं की तिथेच थांबायची.

"आई, पाणी निवतंय."

"निवांदे," ती म्हणाली. "मान वर करू नको."