फुटलेला तारा घेऊन लालबाग ते गिरगाव

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे ते दिवस. मी अकरावीत होते. गिरगावातल्या एका वाचनालयात विज्ञानावरची वक्तृत्व स्पर्धा होती, आणि नेमका त्याच दिवशी हरताळ. ट्राम बंद, बस बंद, गिरण्या बंद. मी रडकुंडीला आले. बाबा गिरणीत साचे, म्हणजे कापड विणायचे माग, चालवायचे. त्या दिवशी घरीच होते. चपला घालत म्हणाले, "पाय बंद नाय ना? चल गो चेडवा." मालवणीत चेडू म्हणजे मुलगी.

लालबागहून भायखळ्याचा पूल, मग नागपाडा, खेतवाडी आणि गिरगाव. तुम्हाला हा रस्ता चालायचा असेल तर रविवारी सकाळी लवकर निघा. रमतगमत दोन तास लागतात. पाणी जवळ ठेवा. आम्ही ठेवलं नव्हतं.

नागपाड्याला हवालदाराने अडवलं. माझ्या काखेत कागदाची लांब गुंडाळी होती.

"फलक काय? उलगड."

उलगडला. त्यावर मी रंगीत खडूंनी क्रॅब नेब्युला काढला होता, म्हणजे फुटलेल्या ताऱ्याचे अवशेष. हवालदार वाकून बघत राहिला.

"ही कुठल्या पक्षाची निशाणी?"

"तारा फुटलाय, साहेब," बाबा म्हणाले.

"कधी?"

"नऊशे वर्षांपूर्वी दिसला," मी म्हटलं.

"मग आमच्या ड्यूटीत नाही. जा."

खेतवाडीत एका बाईंनी गॅलरीतून आमची तोंडं बघितली, वर बोलावून कैरीचं पन्हं दिलं. नाव विचारायचं राहूनच गेलं.

सभागृहात जेमतेम बारा माणसं. भाषण छान झालं. परीक्षक गुरुजींनी "कुणाला शंका?" विचारलं, तर मागच्या बाकावरून बाबाच उठले. मला धरणी दुभंगावी असं झालं.

"गिरणी बंद केली की पट्टो थोडो वेळ फिरता, मगे थांबता. ह्यो तारो कधीचो फुटलो. मग आतलो उजेड अजून कोण चालवता?"

मी सगळं पाठ केलं होतं, एवढं सोडून. शेवटी म्हटलं, "मला माहीत नाही."

गुरुजी हसले. "बस खाली, बाळ. अजून कुणालाच नीट माहीत नाही."

उत्तर यायला दहा-बारा वर्षं गेली. मधे उरलेला तारा, पल्सार, सेकंदाला तीसदा गरगरतो. त्याचं फिरणं कणाकणाने मंदावतं आणि तीच शक्ती भोवतालच्या मेघाला उजळते. बाबा तोवर गिरणी सोडून गावी राहायला गेले होते; मी धावत जाऊन त्यांना सांगितलं. "म्हणजे पट्टो फिरताच हा!" म्हणून ते टाळ्या पिटू लागले.

पुढे अवकाशातल्या दुर्बिणीने काढलेल्या फोटोंत ताऱ्याच्या दोन्ही टोकांकडून निघालेल्या धारा दिसल्या, तेव्हा मात्र बाबा नव्हते. ताऱ्यापासून कणांचा वारा मुख्यतः आडवा, कमरेच्या पट्ट्यातून सुटतो. फिरण्यामुळे चुंबकीय क्षेत्राची कडी त्याच्याभोवती गुंडाळलेली असतात. वारा पुढे मेघाला अडून मंदावला की ही कडी त्याला अक्षाकडे आवळतात. मग सोऱ्यातून शेव पडावी तसा तो वरून आणि खालून धारेने निसटतो. अजून बारीकसारीक वाद आहेत, पण गाभा हा.

त्या दिवशी स्पर्धेत माझा दुसरा नंबर आला. परत चालतच आलो, पोटऱ्या भरून आल्या होत्या. गॅलरीत अख्खी चाळ वाट बघत होती. शेजारच्या मावशींनी विचारलं, "काय झाला रे?"

बाबांनी कॉलर सारखी केली.

"माझ्या चेडवाक जा म्हायत नाय," ते म्हणाले, "ता जगात कोणाकच म्हायत नाय."