मेव्हण्याचा दात, लेकीचे गुडघे

मेव्हण्याला मी आयुष्यात एकदाच मारलं, पण मन लावून मारलं. पहिला ठोसा कानाखाली, दुसरा दातांवर, आणि तो आडवा झाल्यावर दुधाच्या किटलीचं झाकण पाठीत. झाकणाला अजून पोचा आहे. त्याचा गुन्हा एवढाच, की तो माझ्या अडीच वर्षांच्या लेकीचा जीव वाचवत होता.

हे कसं घडलं ते सांगायचं, तर आधीचा पराक्रमही कबूल करावा लागेल.

संगमनेर तालुक्यातल्या आमच्या गावात मी दूध संकलन केंद्र चालवतो. लोक दुधात पाणी घालतात, मी लोकांना शिव्या घालतो. हात सुटण्याबद्दल माझी ख्याती आहे. लेक जन्मल्यापासून रडली की तिचे ओठ जांभळे व्हायचे. चालायला लागली, तर दहा-बारा पावलांवर मध्येच उकिडवी बसायची, धापा टाकायची, मग उठायची. मी टाळ्या पिटून हसायचो, "आमच्या आजीबाई दमल्या!"

आमच्याकडे लेकराची छाती अशी उडायला लागली की 'डब्बा झाला' म्हणतात आणि पोटावर डाग देतात. बायको नको नको म्हणत होती. ती बाळंतपणाला माहेरी गेली तेव्हापासून तिचा भाऊ भाचीवर जीव टाकायचा. मी डाग द्यायला निघालो, तर तो गाडीला आडवा आला. मी त्याला गटारीत ढकललं आणि लेकीला घेऊन शेजारच्या गावच्या म्हाताऱ्याकडे गेलो.

"पाय ताणून धर," म्हातारा म्हणाला.

मी धरले. तापलेली सळई तीनदा टेकली. लेकीनं असा हंबरडा फोडला की झाडावरचे कावळे उडाले, आणि मग आवाजच बंद झाला. तिचे पाय माझ्या मुठीत थडथडत होते. मी म्हाताऱ्याला नारळ दिला. दूध उतू जाऊन साय करपली की तो वास मला अजून येतो.

डाग पिकले. तेव्हा मात्र मेव्हण्यानं मला न विचारता बायकोला आणि लेकीला गाडीत घातलं आणि थेट शहरात, सावेडीतल्या मुलांच्या हृदयाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मागून मी, तणतणत.

बाईंनी मशीनवर हृदय बघितलं आणि शांतपणे सांगितलं, जन्मापासूनच आत छिद्र आहे आणि फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद आहे. रक्त फुप्फुसात पुरेसं जात नाही, शुद्ध न होताच अंगात फिरतं, म्हणून पोर निळी पडते. ऑपरेशननं सुधारेल. मग त्यांनी झबलं वर केलं.

"हे कुणी केलं?"

"मी. म्हणजे... डब्ब्यासाठी."

"तुमच्या छातीत कळ आली तर तुम्ही पोटावर सळई घेता का? घेत असाल तर सांगा, इथंच तापवते."

मेव्हणा खाली बघून हसला. मी दार असं आपटलं की भिंतीवरचं कॅलेंडर पडलं. बाहेर टपरीवर तीन चहा प्यायलो. तेवढ्या वेळात बाईंनी आत त्या दोघांना शिकवलं, की पोर एकदम निळी पडण्याचा झटका आला तर काय करायचं. परतताना बायको सांगायला लागली, तर मी ओरडलो, "त्या बाईचं एक अक्षर मला ऐकवू नको!"

तिनं नाही ऐकवलं.

मेव्हणा भाचीसाठी आमच्याकडेच राहिला. आठवड्याभरानं सकाळचं दूध उरकून किटलीचं झाकण हातात घेऊन घरात शिरलो. लेक जमिनीवर काळीनिळी, डोळे पांढरे. मेव्हणा तिच्यावर वाकून तिचे दोन्ही गुडघे तिच्याच छातीत दाबतोय. गटारीचा सूड! माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही.

पुढचं सांगितलंच आहे. फक्त एक राहिलं. मी ठोसे घालत होतो तेव्हा लेकीचे पाय सुटून सरळ झाले होते, आणि ती श्वासासाठी मासळीसारखं तोंड उघडत होती.

रेंज मिळेना म्हणून बायको ॲम्ब्युलन्सला फोन करायला कोपऱ्यावर गेली होती. आली, तिनं बघितलं, आणि धुण्याचं धोपाटणं माझ्या डोक्यात घातलं.

"मुडदा बशिवला तुमचा! ते पाय सोडले तर मरंल की वो ती!"

मी भिंतीला टेकलो. मेव्हणा रक्ताची गुळणी थुंकत रांगत आला. "दाजी, मला नंतर मारा. आदी गुडघे धरा. माजा हात उचलंना."

मी धरले. तेच पाय. तेव्हा ताणले होते, आता दुमडत होतो.

"घट्ट. रडू द्यायचं न्हाई तिला," मेव्हणा फुटक्या ओठांनी म्हणाला. "पाटाची खालची बारी बुजवली का पानी वरल्या वाफ्याला चढतं ना? तसंच हाय. पाय दाबले का रगत फुप्फुसाकडं चढतं. ती उकिडवी का बसायची, कळलं का आता?"

कळलं. अडीच वर्षांची पोर स्वतःचा इलाज स्वतः करत होती, आणि बाप टाळ्या पिटत होता.

माझ्या डोक्यातलं रक्त तिच्या झबल्यावर ठिबकत होतं. बायको तिच्या कानाशी हळू बोलत होती. किती वेळ गेला माहीत नाही. ओठांचा काळा रंग जांभळा झाला, मग फिकट. गाडीचा भोंगा ऐकू आला तरी मी पाय सोडले नाहीत. नर्सनं माझी बोटं एकेक करून उकलली.

ऑपरेशन पुण्यात झालं. छिद्र बुजवलं, वाट रुंद केली. तपासण्या अजून चालूच आहेत, आता डॉक्टरीणबाईंचं अक्षर न् अक्षर मी वहीत लिहून घेतो.

ऑपरेशननंतर काही महिन्यांनी ती केंद्रापासून घरापर्यंत पळत आली. सगळं अंतर, न बसता. मी दारात होतो. सवयीनं खाली वाकलो आणि तिचे गुडघे धरायला गेलो. तिनं लाथ घातली, नाकावर. भळाभळा रक्त आलं.

मामा पायरीवर बसून हसत होता, पडलेल्या पुढच्या दाताच्या फटीतून. "दाजी, बसली का?"

"बसली," मी म्हणालो. "जोरात बसली."

लेक पुन्हा पळत सुटली होती.